इंडोनेशियातलं चिप्तागेलार गाव, जिथे भात विकत नाहीत. कुणी गेलंय का?

पलासियाकरीण (इंदूर)
नमस्कार मंडळी. आमची दहा-बारा जणींची भिशी आहे, त्यात यंदापासून ठरलंय की दर महिन्याला एकीने जगातल्या एखाद्या खेड्याबद्दल वीसेक मिनिटं बोलायचं, प्रसिद्ध गाव नको आणि गूगलवरचं वाचून दाखवायचं नाही. पुढच्या महिन्यात माझी पाळी. भाचा जाकार्ताला नोकरीला आहे, त्याने पश्चिम जावातल्या चिप्तागेलार नावाच्या गावचे फोटो पाठवले, डोंगरउतारावर भाताच्या पायऱ्या आणि खांबांवर उभी केलेली लाकडी कोठारं, इतकी सुंदर की मी तेव्हाच ठरवलं हेच घ्यायचं. पण त्याने जे लिहिलंय त्यातलं काही मला नीट कळत नाहीये. म्हणे हे लोक वर्षातून एकदाच भात घेतात आणि एक दाणासुद्धा विकत नाहीत, मग पैसा येतो कुठून? आणि पेरणी तारे बघून करतात, त्या ताऱ्यांची नावं केर्ती आणि किदांग. केर्ती म्हणजे आपली कृत्तिका तर नाही? माझी आजी देवासजवळच्या खेड्यातली, तिच्या तोंडी सतत रोहिणी-मृग असायचं, म्हणून एकदम डोक्यात आलं. जाणकारांनी सांगावं, प्लीज.

जाकार्ता_रिटर्न
ताई, मी चार वर्षं होतो तिकडे आणि एकदा चिप्तागेलारला जाऊन दोन रात्री राहिलोय. सुकाबुमी जिल्ह्यात, हालिमून डोंगरात हजारेक मीटर उंचीवर आहे. जाकार्ताहून समुद्रकाठच्या पलाबुहान रातूपर्यंत रस्ता बरा, तिथून वर मात्र जीप नाहीतर मोटारसायकल, आणि पाठीचा पार खुळखुळा होतो. माणसं सुंदानी (पश्चिम जावातला समाज), धर्माने मुसलमान, आणि भाताला मात्र न्यी पोहाची सांगह्यांग आस्री या देवीचं रूप मानतात. आस्री म्हणजे श्रीच, बाकी जावात तिलाच देवी स्री म्हणतात. मला हे कळलं तेव्हा आपल्याकडे ताटात अन्न टाकलं की आई "लक्ष्मी आहे ती" म्हणून ओरडायची ते आठवलं.

न विकण्याचं मूळ तिथेच आहे. भात म्हणजे जीव, तो विकायचा नाही, अगदी पीठ करूनसुद्धा नाही. पैसा येतो तो आरेन नावाच्या ताडाच्या गुळातून आणि भाजीपाल्यातून, ते खुशाल विकतात. बरेच जण बाहेर मजुरीलाही जातात. एकदाच पीक का, तर म्हणाले जमीन आई आहे, आई वर्षातून दोनदा बाळंत होत नाही. भात निघाला की खाचरात पाणी ठेवून मासे सोडतात. सगळं गाव एकाच वेळी पेरतं आणि नंतर एकाच वेळी शेतं रिकामी, त्यामुळे किडीला बारा महिने खायला मिळत नाही. याचं महत्त्व समजायला बाकी इंडोनेशियात काय झालं ते बघा. हरितक्रांतीत बुटक्या वाणांची वर्षाला दोन-तीन पिकं सुरू झाली, 1984 साली देश तांदळात स्वयंपूर्णसुद्धा झाला, पण तपकिरी तुडतुडा नावाची भाताची कीड इतकी माजली की 1986 मध्ये सरकारला भातावरची 57 कीटकनाशकं बंद करावी लागली.

तुमच्या भाच्याच्या फोटोतलं कोठार म्हणजे लेउइत. जमिनीपासून वर, छपराला त्याच आरेनच्या काळ्या तंतूंचं आच्छादन, आत भात लोंब्यांसकट पेंढ्या बांधून रचलेला, मळलेला नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. शिवाय एक सामायिक लेउइत आहे, नाव सी जिमात, ज्याच्या घरी कमी पडेल त्याने तिथून घ्यायचं आणि पुढच्या सुगीला परत भरायचं.

कापणी मी जवळून बघितली. एका आजींनी मूठ उघडून दाखवली, तर आत बोटाएवढं पातं, लाकडाच्या तुकड्यात बसवलेलं, त्याला एतेम म्हणतात. एकेक लोंबी दोन बोटांत धरून कट्ट कापायची, पातं मुठीत झाकलेलं असतं कारण देवीला हत्यार दिसून तिने घाबरू नये. विळा नाही, गिरणी नाही. पहाटे झोपेतून जाग आली ती मुसळांच्या आवाजाने, चार-पाच बायका एका लांबट उखळावर ठेक्यात कांडत होत्या. आणि याच गावात नदीवर छोटी जलविद्युत आहे नि स्वतःचं टीव्ही चॅनलसुद्धा, चिगा टीव्ही. तेव्हा ताई, भिशीत "जगापासून तुटलेले लोक" असं कृपा करून सांगू नका, मशीन कुठे आणायचं आणि कुठे नाही हे त्यांनी विचार करून ठरवलंय.

आकाशवेडा
पलासियाताई, तुमचा अंदाज बरोबर. केर्ती ही कृत्तिकाच, शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला. किदांगची गंमत त्याहून मोठी आहे, शब्द तिकडचाच, संस्कृतशी संबंध नाही, पण अर्थ हरीण! आणि तारे कुठले, तर आपल्या मृगाचे. ज्या तीन ताऱ्यांना आपण हरणाच्या पोटात घुसलेला बाण म्हणतो तेच. तिथूनच थोडं पूर्वेला जावानी लोक त्याच ताऱ्यांना वालुकू म्हणजे नांगर म्हणतात. सुंदानी म्हण आहे, "तांगाल केर्ती तुरुन बेउसी, तांगाल किदांग तुरुन कुजांग", म्हणजे केर्ती दिसली की लोखंड (म्हणजे अवजारं) खाली काढा, किदांग दिसला की कुजांग घेऊन शेतात उतरा. कुजांग हे तिथलं कोयत्यासारखं हत्यार.

पण एक घोळ करू नका. आपण "मृग लागला" म्हणतो तेव्हा सूर्य मृगात असतो, साधारण 7-8 जूनला, आणि म्हणूनच तेव्हा मृग आकाशात दिसतच नाही. त्यांचं उलट, सूर्यापासून सुटून तारे पुन्हा दिसायला लागले की काम सुरू. तिकडचा पावसाळा ऑक्टोबरच्या सुमारास येतो, तोवर तयारीला वेळ मिळतो.

सांवेरचा_शेतकरी
सगळं वाचून काढलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आईने वर्षातून एकदाच, हे वाचून लोकांना नवल वाटेल, पण आपल्या माळव्यात सोयाबीन यायच्या आधी हेच होतं. 1970 नंतर सोयाबीन पसरलं, त्याआधी काळ्या जमिनीचा केवढा तरी भाग चौमाशात पडीत असायचा. चिखलात बैल उतरत नव्हते हे खरं, पण जमीन पाणी पिऊन बसायची आणि त्याच ओलीवर कठिया गहू यायचा, एक पाणीसुद्धा न देता. आमच्या आजोबांच्या घरात मातीची कोठी होती, माणूस उभा राहील एवढी, ती भरल्याशिवाय गाडी मंडीकडे जात नव्हती. आता माझंच सांगतो, मागच्या साली सोयाबीन काढलं, कर्जाचा हप्ता होता म्हणून चौथ्या दिवशी मंडीत नेलं, पडेल तो भाव घेतला आणि घरी परत येताना पिठाची थैली दुकानातून विकत आणली. शेतकऱ्याच्या घरात. त्या सी जिमातचं वाचून आतून हललो मी. जाकार्ता दादा, एक विचारतो, त्यांच्यावर कर्ज नसतं का? जमीन कोणाच्या नावावर?

जाकार्ता_रिटर्न
काका, दुखणं तिकडेही आहे आणि ते जमिनीचंच. त्यांची शेतं आणि जंगल राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, हालिमूनचं उद्यान 1992 चं, 2003 मध्ये ते आणखी वाढवलं. लोक त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून तिथे आहेत आणि त्यांचे जंगलाचे नियमही सरकारपेक्षा जुने, एक जंगल पूर्वजांनी सांभाळायला दिलेलं, त्याला हात लावायचा नाही, एक बंद, आणि एक कसायचं. त्यांच्याच जातकुळीतल्या चिसितू गावाने इतरांबरोबर घटनेच्या कोर्टात दावा लावला, आणि 2013 मध्ये निकाल लागला की परंपरेने सांभाळलेलं जंगल ही सरकारी मालमत्ता नाही. तरी प्रत्येक गावाला आपापली नोंद करून घ्यायला वेगळं झगडावं लागतंय. कर्जाचं मी विचारलं नव्हतं काका, विचारायला हवं होतं. पण बियाणं घरचं असतं, शंभराच्या वर वाण जपलेत त्यांनी, म्हणजे पेरणीआधी दुकानात उधारी करायला जावं लागत नाही.

पलासियाकरीण (इंदूर)
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! वीस मिनिटं पुरायची नाहीत आता. सांवेरच्या काकांनी लिहिलेलं मी तसंच्या तसं वाचून दाखवणार आहे, चालेल ना काका? आमच्यातल्या निम्म्या जणींची माहेरं शेतीवालीच आहेत, कोठी बघितलेल्या आहेत त्या. आणि तुमच्याकडे कठिया गव्हाच्या दोन-चार ओंब्या असतील तर कळवा, मी रविवारी मुलाला घेऊन सांवेरला येते.

सांवेरचा_शेतकरी
चालेल की, वाचा. कठिया आता आमच्या गावात एकाच घरी उरलाय, वहिनींनी बियाण्यापुरता ठेवलाय, मी सांगून ठेवतो. सकाळी लवकर या, दुपारी ऊन फार असतं.