सोसायटी ग्रुप : पार्किंगमधली लाल धूळ

(सोमवार, २६ एप्रिल २०२१)

सी-२०३ : सुप्रभातची फुलं नंतर पाठवा, आधी एक विचारायचंय. बी विंगच्या पार्किंगमधली पांढरी गाडी बघितली का कोणी? चाकांपासून दारापर्यंत नुसती लाल धूळ. गाड्या धुणाऱ्या पोराला आपणच गेटवर बंदी घातलीय त्यामुळे पुसायलाही कोणी नाही 😀 कोथरूडात लाल माती कुठून आली म्हणे?

बी-३०२ : अहो मी स्टेटस बघितलं ना शनिवारी, पोरं समुद्रात, कमरेला ट्यूब आणि खाली लिहिलंय व्हिटॅमिन सी. दहा मिनिटांनी ह्यांना दाखवायला गेले तर डिलीट! इथे आम्ही वर्षभर दुधाच्या पिशव्या साबणाने धुतोय, बाईंना घरी बसून पगार देतोय आणि दोन्ही वेळची भांडी मी घासतेय, कंबरेचं वाटोळं झालं माझ्या

सेक्रेटरी : कृपया कोणाचं नाव घेऊ नये. पण विषय निघालाच आहे तर सांगतो, आपल्याकडे आत्ता कोरोनाचे ॲक्टिव्ह पेशंट पाच आहेत. पाचाच्या वर गेलो की मायक्रो कंटेनमेंट, गेटवर बोर्ड, बाहेरच्यांना नो एन्ट्री. त्यात चूक झाली तर पहिल्यांदाच १०,००० दंड, तो सोसायटीच्या खात्यातून म्हणजे सगळ्यांच्याच खिशातून

बी-४०१ : आडून कशाला बोलता, माझीच गाडी आहे. गुहागरला गेलो होतो. रीतसर जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास काढून. आई गावी एकटी असते, बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. कुंभार्ली घाटात अडवलं, पास बघितला, सोडलं. पोलिसांना चालतं, तुम्हाला चालत नाही?

बी-३०२ : गोळ्या चिपळुणात मिळत नाहीत? आणि ट्यूब कुठल्या आजारावर?

सी-२०३ : पासवर कारण मेडिकल इमर्जन्सीच टाकलं असणार. २३ ला पास सुरू झाले आणि २४ ला हे पाण्यात!!

चेअरमन काका : कोव्हिशिल्डचा दुसरा डोस कुठे मिळतोय कोणाला माहिती आहे का. सकाळी सहापासून रांगेत होतो, साठा संपला म्हणाले

सेक्रेटरी : काका फोन करतो

ए-१०४ : मी बोलणार नव्हते. माझे बाबा मागच्या रविवारी वारले, सांगलीला. हे पॉझिटिव्ह, माझा रिपोर्ट यायचा होता, म्हणून दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. भावाने फोन धरला होता पण त्याचा हात इतका हलत होता की मला बाबांचे पायच दिसले फक्त. उद्या दहावा आहे, तोही फोनवरच. दादा तुमच्या आईला भेटलात त्याचं मला वाईट वाटत नाहीये, ते स्टेटस मात्र नको होतं टाकायला

बी-४०१ : वहिनी मला खरंच माहीत नव्हतं. चुकलं

बी-४०१ : १४ दिवस कोणी खाली उतरणार नाही, लिफ्ट पण वापरत नाही. उद्या चौघांची टेस्ट करतो

सेक्रेटरी : ठीक. कचऱ्याची पिशवी गाठ मारून वेगळी ठेवा, वॉचमनला सांगतो. ए-१०४ वहिनी, उद्या डबा आमच्याकडून

सी-१०५ : दादा येताना हापूस आणलाय का? काय डझन

बी-३०२ : कमाल आहे लोकांची, काय बोलायचं

बी-३०२ : पेटीच घ्यावी लागेल की सुटे पण देताय?