हुतात्मा स्मारकाच्या वर्गणीचा हिशेब मागणे हा देशाभिमानाचा अपमान ठरतो का?

प्रश्नकर्ता: खानापूर तालुका

आमचे गाव विट्यापासून फार लांब नाही. या भागातील बहुतेक गावांप्रमाणे आमच्याकडेही प्रत्येक भावकीतले कोणी ना कोणी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यात आहे आणि कोणी ना कोणी सैन्यात आहे. काही वर्षांपूर्वी गावच्या दिवंगत जवानांच्या स्मरणार्थ वेशीवर कमान बांधावी आणि तिच्या शेजारी नावांची शिळा बसवावी, असे ठरले. वर्गणीचा मोठा वाटा बाहेरगावच्या गलाईवाल्यांनी उचलला. गावातील शेतकऱ्यांनी, बचत गटांतील महिलांनी आणि सुटीवर आलेल्या जवानांनीही ऐपतीप्रमाणे भर घातली. समितीचे काम आमचे एक चुलते पाहतात. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले असून सगळे गाव त्यांना तात्या म्हणते. माणूस कडक आहे, पण पैशाच्या बाबतीत त्यांच्याकडे आजवर कोणी बोट दाखवलेले नाही.

यंदा 15 ऑगस्टला ध्वजवंदनाची छायाचित्रे गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आली. त्यांत मागे अर्धवट कमान दिसत होती. कोइमतूरला असलेल्या माझ्या चुलतभावाने खाली लिहिले, "काम कुठवर आले आहे? जमाखर्च एकदा गटावर टाकावा." एवढेच. त्यानंतर जे सुरू झाले ते थांबेना. शहिदांच्या नावाने दिलेला पैसा कोणी मोजतो का, बाहेर राहून गावाचा आणि देशाचा अभिमान विसरलात का, पैसे पाठवले म्हणजे गाव विकत घेतले का, असे एकामागून एक संदेश आले. भावानेही मग तोंड सोडले. तात्यांनी एक अक्षर लिहिले नाही. संध्याकाळी ते गटातून बाहेर पडले.

तात्यांची वही मी पाहिलेली आहे. सिमेंट, खडी, गवंड्याची उचल, शिळेसाठी दिलेली आगाऊ रक्कम, सगळे तारीखवार लिहिलेले आहे आणि पावत्या मागच्या पानाला टाचलेल्या आहेत. ठेकेदाराने मध्येच काम सोडल्यामुळे बांधकाम रखडले, यापलीकडे त्यात काही नाही. तरीही ती वही ते कोणासमोर ठेवायला तयार नाहीत, कारण आता वही दाखवली तर आरोप मान्य केल्यासारखे होईल, असे ते म्हणतात. आणि भाऊ म्हणतो की वही लपवली जात आहे, त्या अर्थी काहीतरी आहेच.

दिवाळीला बाहेरगावची माणसे गावी येतील, तेव्हा हे दोघे समोरासमोर येणार आहेत. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, असे खरोखरच समजावे का? आणि या दोघांना एकत्र बसवायचे कसे? जाणत्यांनी सांगावे.

उत्तर: गलाईवाल्यांच्या घरातील सून

माझे सासर आटपाडी तालुक्यातले आहे आणि लग्नानंतरची बरीच वर्षे मी आंध्रात गलाईच्या दुकानामागच्या खोलीत काढली आहेत, त्यामुळे आपल्या भावाच्या मनात काय असेल याचा मला थोडा अंदाज आहे.

आमच्या धंद्यात अनोळखी माणूस आपल्या बायकोचे मोडके दागिने आमच्या हातात देतो. त्याची भाषा आम्हाला धड येत नाही आणि आमचे गाव त्याने ऐकलेलेही नसते. तरीही तो देतो, कारण दागिना त्याच्यासमोर काट्यावर चढतो, वजन चिठ्ठीवर लिहिले जाते, मूस त्याच्यासमोर भट्टीत जाते आणि टाकणखार टाकून सोने वितळल्यावर निघालेला गोळा पुन्हा त्याच्याच डोळ्यांदेखत तोलला जातो. जी घट आली ती कशाची, डाखाची (सांध्याच्या जोडधातूची) की मळाची, हे विचारायच्या आधी सांगितले जाते. एखादे गिऱ्हाईक काट्याकडे वाकून पाहते, तेव्हा माझे सासरे काटा उलट त्याच्याकडे सरकवत असत. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही आहे, हे त्यांच्या कधी मनातही आले नाही.

ज्या मुलाचे सगळे आयुष्य असे काट्यासमोर गेले आहे, त्याला जमाखर्च मागणे हे "जेवलात का" विचारण्याइतकेच साधे वाटते. तात्यांच्या कानावर मात्र तो प्रश्न वेगळ्याच आवाजात पडला. दोघांपैकी कोणाचीही नियत खोटी दिसत नाही. मात्र भावाने तात्यांना फोन न करता दोनशे माणसांसमोर विचारले, तेही झेंडावंदनाच्या दिवशी, हे मला बरे वाटले नाही. आमच्या दुकानातही घटीचा वाद कोणी रस्त्यावर उभे राहून घालत नाही.

उत्तर: निवृत्त सुभेदार, खटाव

तात्या माझ्यासारखेच फौजेतले आहेत, म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

पलटणीत रेजिमेंटल फंडाचा हिशेब दर तिमाहीला ऑडिट बोर्डासमोर ठेवावा लागतो. कमांडिंग ऑफिसर कितीही मोठा असला, त्याच्या छातीवर कितीही पदके असली, तरी बोर्ड बसतेच आणि "माझ्यावर विश्वास नाही का" असे कोणी विचारत नाही. तात्यांनी हे डोळ्यांनी पाहिले असणार. सैनिकांच्या नावाने देशभर गोळा होणारा पैसाही असाच चालतो. 1949 पासून दर वर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो आणि त्या निधीला दिलेल्या देणगीची रीतसर पावती मिळते. शहिदांच्या नावाचा पैसा मोजायचा नसतो, हे गटावर ज्यांनी लिहिले ते बहुधा कधी बराकीत राहिलेले नाहीत. उलट तोच पैसा सर्वांत काटेकोर मोजायचा असतो, कारण ज्याच्या नावाने तो जमा झाला तो विचारायला येऊ शकत नाही.

सातारा तालुक्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची 46 माणसे कामी आली. तिथे स्मृतिस्तंभ आहे. आमच्या वडूजला 9 सप्टेंबर 1942 रोजी तहसील कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि हुतात्मे पडले, त्यांचेही स्मारक आहे. या जागांवर उभे राहिल्यावर ऊर भरून येतो, हे कोणाला सांगावे लागत नाही. पण ज्याच्या मनात हा अभिमान आहे त्याने दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी त्याचा वापर करावा, हे मला पटत नाही. तात्यांनी तसे केलेले नाही. त्यांच्या बाजूने भांडणाऱ्यांनी केले आहे. तात्यांना हा फरक कोणीतरी सांगितला पाहिजे, म्हणजे त्यांची ढाल करून कोण बोलत आहे हे त्यांना कळेल.

उत्तर: गावातच राहणारा, तासगाव

वरच्या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण गावात राहणाऱ्यांची बाजू राहून गेली. समितीचे काम करणारा माणूस स्वतःच्या गाडीत स्वतःचे पेट्रोल घालून विट्याला खेपा मारतो, ठेकेदाराच्या दारात तासन्‌तास बसतो, दगडवाल्याशी वाद घालतो आणि त्याबद्दल त्याला कोणी चहाही पाजत नाही. त्याच्या वहीत सिमेंटचा दर असतो. या खेपा नसतात. मग वर्षातून आठ दिवस गावी येणाऱ्याने दुरून एका ओळीत "जमाखर्च टाकावा" असे म्हटले की ते हुकमासारखे लागते. हे नियमाने बरोबर असेलही, पण माणसाला लागते.

शिवाय एक शंका विचारतो, राग मानू नये. देणगीदारांच्या नावांचा फलक लावायचे ठरले आहे का? आमच्या गावात मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या वेळी सगळा तंटा हिशेबावरून चालला आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात कोणाचे नाव कितव्या ओळीत यावे, यावरून माणसे रुसली होती.

उत्तर: सांगलीतील करसल्लागार

कायद्याची बाजू थोडक्यात. सार्वजनिक कामासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. गणेश मंडळेही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घेतात. आपल्या समितीने तशी परवानगी किंवा नोंदणी केली आहे की नाही, हे आधी पाहावे. नसेल तर उरलेल्या कामापुरते तरी सर्व रीतसर करून घ्यावे आणि रोख रक्कम कोणा एकाच्या घरी न ठेवता दोघांच्या सहीने चालणाऱ्या बँक खात्यात ठेवावी. यातून तात्यांचेच संरक्षण होईल. प्रामाणिक माणसाची वही त्याच्या पश्चात वाचता आली पाहिजे, कारण तेव्हा खुलासा करायला तो नसतो.

उत्तर: शिक्षक, कराड

अभिमान आणि हिशेब एकमेकांच्या आड येत नाहीत, याचे उदाहरण आमच्या अगदी जवळ आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते वर्गणीच्या पैशावर. लोकांनी जमेल तसे दिले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतासाठी एकट्या खेळाडूने जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. पुढचा भाग मात्र घाईत सुटतो. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले. मला स्वतःला मिरवणुकीपेक्षा हा भाग मोठा वाटतो.

दुसरे असे की या मातीत चारचौघांत निवाडा करण्याची रीत जुनी आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली आणि लोक ब्रिटिशांच्या कोर्टाऐवजी तिथे तंटे नेऊ लागले, कारण आपल्यासमोर काय चालले आहे ते त्यांना दिसत होते. त्या सरकारचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात "विचारू नका" हे उत्तर शोभत नाही, मग ते कितीही प्रामाणिक माणसाच्या वतीने दिलेले असो.

प्रश्नकर्ता: खानापूर तालुका

सर्वांचे आभार. तासगावच्या गृहस्थांची शंका ऐकून मी चौकशी केली आणि ती खरी निघाली. फलकाचा कच्चा मसुदा तयार आहे. त्यात रकमेच्या क्रमाने नावे असल्यामुळे गलाईवाल्यांची नावे वर आणि दोन शहीद जवानांच्या कुटुंबांची नावे अगदी खाली आली आहेत, कारण त्यांनी थोडीच रक्कम दिली. तात्यांनी तो फलक अडवून धरला होता आणि कारण कोणालाच सांगितले नव्हते. भावाला यातले काहीच माहीत नव्हते. काम रखडले आणि पैसे पडून आहेत, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचले होते.

आता हे भावाला मी सांगावे, की तात्यांनी?

उत्तर: निवृत्त सुभेदार, खटाव

तात्यांनी सांगावे, पण त्यासाठी आधी आपण त्यांच्याकडे जाऊन "भावाला फलकाचे माहीत नव्हते" एवढे एकच वाक्य सांगावे. फौजी माणूस माफी मागवून घेण्यापेक्षा परिस्थिती कळली की पुढे होतो. फलकाविषयी माझे मत विचाराल, तर शिळेवर फक्त जवानांची नावे, तीही हुद्द्याप्रमाणे नव्हे तर वीरगतीच्या तारखेप्रमाणे. देणगीदारांची नावे वहीत राहू द्यावीत.

उत्तर: गलाईवाल्यांच्या घरातील सून

सुभेदारसाहेबांशी सहमत आहे. फक्त ती वही दिवाळीत ग्रामपंचायतीच्या टेबलावर उघडी ठेवावी, ज्याला पाहायची तो पाहील. आणि ठेकेदार बदलायचा असेल तर या वेळी आपल्या भावाला तात्यांसोबत विट्याला पाठवावे. दोन खेपा त्यालाही मारू द्याव्यात.