दाढेत चांदी, सिमेंट की दाताच्या रंगाचं फिलिंग? सल्ला हवा (सोलापूर)

जुळेसोलापूरकर
मंडळी, आईच्या (वय ६१) तोंडात दोन ठिकाणी काम निघालंय आणि मुलाच्या (वय ७) एका दुधाच्या दाढेत. आईची खालची मागची दाढ शेजारच्या दाढेच्या फटीत किडलीय. शेंगाचटणी खाल्ली की कूट तिथंच अडकतं, मग काडी घेऊन बसते. शिवाय वरच्या सुळ्याला हिरडीलगत खाच पडलीय. आयुष्यभर मिश्री लावलीय तिनं. एका दवाखान्यात म्हणाले, सगळीकडे कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) करू. दुसरीकडे म्हणाले, या वयात सिमेंट पुरे. कारण कुणीच सांगितलं नाही. तिला कडक भाकरी सुखानं चावता आली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. खर्चाचाही विचार आहेच.

होटगीरोड
मी दंतवैद्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'या वयात पुरे' हे मला अजिबात पटलं नाही. वय बघून फिलिंग ठरत नाही. कीड कुठं आहे, तिथं चावण्याचा जोर किती येतो आणि ती जागा कोरडी ठेवता येते का, हे बघायचं.

आईंची दाढ: तिथं साधं सिमेंट (ग्लास आयोनोमर) नको. ते दाताला आपणहून चिकटतं, फ्लोराइड सोडतं, पण चावण्याच्या जोरापुढं लवकर झिजतं, तुटतं. तिथं कॉम्पोझिट घ्या. मात्र कॉम्पोझिटला थुंकीचा थेंबही चालत नाही. आधी दाताला ॲसिड जेल लावून धुतात, वाळवतात, मग बाँड (चिकटवणारं द्रव) लावतात, मग मसाल्याचा पातळ थर (साधारण २ मिमी) आणि त्यावर निळा लाइट. असं एकावर एक. मध्ये ओल शिरली की पकड जाते आणि कडेनं पुन्हा कीड लागते. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: रबर डॅम (थुंकी अडवणारा रबराचा पडदा) लावणार का? दोन दाढांच्या मध्ये पट्टी आणि पाचर बसवणार का? ती नीट बसली नाही तर दाढा एकमेकींना टेकत नाहीत आणि कूट पूर्वीसारखंच अडकत राहतं. यात घाई केलेलं काम मी फार बघतो.

सुळ्याची खाच: इथं जोर कमी, पण हिरडी जवळ, ओल जास्त. सिमेंट चांगलं चालतं. हसताना दिसतं म्हणून रंग हवा असेल तर रेझिन मिसळलेलं सिमेंट मागा. आणि मिश्री बंद करायलाच हवी. तंबाखूचा धोका झिजेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मुलाची दाढ: दुधाची म्हणून सोडू नका, मागच्या दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात. खड्डा लहान असेल तर सिमेंट. दोन-तीन बाजूंनी किडली असेल तर स्टीलची टोपी जास्त टिकते.

अशोकचौक
माझ्या दाढेत कॉलेजात असताना भरलेली चांदी आहे, आता मुलं मोठी झाली तरी मजबूत! पण त्यात पारा असतो म्हणून काढून टाका, असं पुतण्या मागं लागलाय. काढू का?

होटगीरोड
@अशोकचौक काका, चांगली बसलेली असेल तर हात लावू नका. तिच्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो हे खरं, पण तो चांदी, कथील, तांब्याशी बांधलेला असतो. उलट काढताना पाऱ्याची वाफ जास्त निघते आणि चांगला दातही कोरला जातो. कड फुटली किंवा खाली कीड दिसली तरच बदला. नवीन मात्र आता कमी भरतात. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१३ चा आहे, भारतही त्यात आहे. युरोपीय संघानं तर १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळता चांदी बंदच केली. गरोदर बायका आणि लहान मुलांत ती टाळतात.

विजापूरवेस
खर्चाचं म्हणाल तर पुणे रस्त्यावर केगावला डेंटल कॉलेज आहे. विद्यार्थी काम करतात, सर-मॅडम टप्प्याटप्प्याला तपासतात. वेळ फार जातो, डबा घेऊनच जा. पण घाई नसते, आणि अशा कामाला तेच बरं, असं माझं स्पष्ट मत.

जुळेसोलापूरकर
खूप आभार सगळ्यांचे! डॉक्टर, एक राहिलं. आईला गार पाण्यानं कळ येते, लगेच जाते. रूट कॅनाल तर नाही ना लागणार? आणि भाकरी कधी खायची?

होटगीरोड
लगेच जाते हे चांगलं लक्षण. गरम चहानंतर ठणका बराच वेळ राहिला किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ आली, तर नस दुखावलेली असते, मग नुसतं फिलिंग पुरत नाही. तरी आधी एक्स-रे काढून कीड किती खोल आहे ते बघाच.

कॉम्पोझिट लाइटनं तिथल्या तिथं घट्ट होतं. बधिरपणा गेला की भाकरी चालेल. तोवर नको, गाल चावला जातो. सिमेंट भरलं तर त्या बाजूनं एक दिवस कडक काही नको. उठण्याआधी फिलिंग उंच लागतंय का ते बघायला रंगाचा कागद चावायला देतील, तेव्हा तोंड बधिर असतं म्हणून नीट कळत नाही. घरी गेल्यावर दाढ उंच लागली तर 'होईल सवय' म्हणून थांबू नका, दुसऱ्याच दिवशी जाऊन घासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.