शब्दचर्चा : डीएनएचे पेड ‘सांधणे’ की ‘जुळवणे’?

प्रश्न (लातूर) : अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी विषाणूंमधील डीएनए-पुनःसंयोजनावर (डीएनएचे तुकडे नव्याने जोडले जाण्यावर) टिपण लिहीत आहे. ई. कोलाय जिवाणूत शिरणाऱ्या लॅम्डा विषाणूचे बीटा प्रथिन डीएनएच्या दोन पूरक पेडांचे (धाग्यांचे) ‘ॲनीलिंग’, म्हणजे त्यांची जोडी, घडवते, या वाक्यात मी ‘सांधणे’ हे क्रियापद योजले आहे. सहकारी शिक्षिका ‘अनुशीतन’ सुचवतात. योग्य शब्द कोणता?

उत्तर (परभणी) : ताई, ‘अनुशीतन’ या शब्दात तापवून सावकाश थंड करणे अभिप्रेत आहे. १९६०च्या सुमारास मार्मर आणि डोटी या शास्त्रज्ञांनी तापवून अलग केलेले पेड सावकाश निवू दिल्यास पुन्हा जुळतात हे दाखवले, त्या प्रयोगाला तो शोभतो. परंतु जिवाणूच्या पेशीत तापवणेही नाही आणि निववणेही नाही.

‘सांधणे’ मला त्याहून अधिक दिशाभूल करणारे वाटते. विषाणूचे एक्सो हे विकर तुटलेल्या डीएनएच्या ५′ टोकाकडून (पेडाच्या दोन टोकांना ५′ आणि ३′ म्हणतात) एक पेड कुरतडत जाते, त्यामुळे ३′ टोकाचा पेड उघडा पडतो. विषाणूचे गॅम प्रथिन यजमान जिवाणूच्या रेकबीसीडी या डीएनए कुरतडणाऱ्या विकराला रोखून धरते. आणि बीटा त्या उघड्या पेडावर बसून त्याला पूरक पेडाशी भिडवते. ए समोर टी आणि जी समोर सी येऊन हायड्रोजन बंध तयार होतात, एवढेच येथे घडते. आधीपासून जोडीत असलेल्या डीएनएला बीटा फारसे धरत नाही, पण स्वतः जमवलेली जोडी मात्र घट्ट धरून ठेवते. हा बारकावा टिपणात अवश्य यावा. उरलेली फट बुजवून पेडाचा कणा अखंड करण्याचे काम शेवटी लायगेज विकर करते, आणि ‘सांधणे’ हे क्रियापद त्याच्यासाठीच राखून ठेवावे. येथे ‘जुळणे’ लिहावे.

पुरवणी (नांदेड) : सरांचे विवेचन पटते, मात्र ‘जुळणे’ अकर्मक असल्याने प्रथिनाचे कर्तृत्व वाक्यातून निसटते, म्हणून ‘जुळवणे’ आणि नाम ‘जुळवणी’ घ्यावे. शिवाय जिवाणूचे रेकए प्रथिन एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या आधारे एकेरी पेड अखंड दुपेडी डीएनएमध्ये घुसवते. बीटाला एटीपी लागत नाही आणि ते मुख्यतः दोन उघडे पेड जुळवते. रेकएच्या कामाला ‘पेडशिरकाव’ म्हटल्यास दोन्ही मार्ग विद्यार्थ्यांना वेगळे दिसतील. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे आयसीपी८ प्रथिनही यूएल१२ या कुरतडणाऱ्या विकराच्या जोडीने अशीच जुळवणी करते, त्यामुळे हा शब्द तेथेही चालेल.