स्कायरिम गेममध्ये शेवटी सगळे स्टेल्थ आर्चरच (लपून बाण मारणारे) का होतात?

मंत्रवेडा
स्कायरिम परत सुरू केलंय, या वेळी पक्कं ठरवलंय की फक्त जादू, धनुष्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला फ्लेम्स या आगीच्या मंत्राने जाम मजा आली पण लेव्हल वाढली तसे ड्रॉगर डेथलॉर्ड (थडग्यांतले तगडे जिवंत मुडदे) मरता मरेनात, मॅजिका (मंत्रांना लागणारी ताकद) संपते की मी खांबाआड पळतो आणि तिथूनच वाकून बाण सोडला तर तोच प्राणी आडवा. गेममध्ये क्लासची सक्ती नाही, हवं तसं खेळा म्हणतात, मग सगळे रस्ते एकाच ठिकाणी कसे काय जातात? जिथे स्टाइल निवडली की लढाई खरंच बदलते असे गेम सांगा.

ढालकरी
यात गणिताचाच घोळ आहे रे. डिस्ट्रक्शनचं (हल्ल्याच्या जादूचं) स्किल वाढलं तरी मंत्राचं डॅमेज वाढत नाही, फक्त मॅजिका कमी लागते, पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायची खास क्षमता) घेऊन वाढतं ते ५० टक्के. तिकडे लपून मारलेला बाण पर्कने ३ पट लागतो, वर चांगलं धनुष्य, धार लावणं, विष, सगळं त्यावर चढत जातं. शत्रू तुझ्याबरोबर तगडे होतात आणि मंत्र जिथल्या तिथे. इम्पॅक्ट पर्क घे, दोन्ही हातांनी एकच मंत्र टाकला की समोरचा लडखडतो, मग मॅज, म्हणजे जादूगारसुद्धा टिकतो.

गुहेतला_भटक्या
इम्पॅक्टने टिकशील पण लढाई तीच राहील ना, तेच तेच बटण दाबत बसायचं. मला वाटतं नुसते आकडे सुधारून भागत नाही, जागा आणि शत्रू यांनी तुझ्या स्टाइलला उत्तर द्यायला हवं. बाल्डर्स गेट ३ या गेममधला ग्रिम हा भट्टीतला राक्षसी बॉस आठव, लाव्हाने तापला की त्याला जखम होते आणि भट्टीच्या मधोमध आणून वरचा अवजड हातोडा त्याच्यावर पाडता येतो, म्हणजे ताकद नसलेली पार्टीही (आपली टोळी) डोकं लावून त्याला संपवते. आणि विदर्स या गेममधल्या पात्राकडे १०० सोन्यात क्लास बदलता येतो त्यामुळे उलटसुलट काहीही करून बघायची भीती वाटत नाही.

ढालकरी
हे मान्य, पण तोच गेम बनवणाऱ्या लारियनच्याच डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ मध्ये उलटं आहे, फिजिकल आणि मॅजिक आर्मर (शस्त्रांपासून आणि जादूपासूनचं कवच) वेगवेगळं, फिजिकल शून्यावर आल्याशिवाय शत्रूला जमिनीवर लोळवता येत नाही, त्यामुळे दोन तलवारवाले दोन मॅज अशी पार्टी केली की प्रत्येक जण वेगळी भिंत फोडत बसतो. खूप लोक म्हणूनच सगळी पार्टी एकाच प्रकारची करतात. चॉइस तिथेही आहे पण गेम गुपचूप एकीकडे ढकलतो.

चांदणी_रोग
मंत्रवेडा, डिस्ट्रक्शन सोड आणि इल्यूजन (मनावर चालणारी जादू) धर. फ्युरी हा भडकवणारा मंत्र टाकून डाकू एकमेकांवर सोडायचे आणि आपण लांबून बघायचं, क्वायट कास्टिंग पर्क मिळालं की मंत्राचा आवाजही होत नाही. ड्रॉगरवर मात्र मास्टर ऑफ द माइंड पर्कशिवाय चालत नाही, तोवर थडग्यांत मंत्राने बोलावलेला एखादा ॲट्रोनॅक (आपल्या बाजूने लढणारा प्राणी) पुढे ठेव. स्कायरिममधली मला सगळ्यात आवडलेली लढाई हीच, आणि त्यात धनुष्याची आठवणही येत नाही.