शुक्रवारची गाणी, शनिवारची टीम : तुमचे अनुभव सांगा

गेली दहाएक वर्षं माझ्या शुक्रवार रात्रीचं वेळापत्रक बदललेलं नाही. जेवण, ओटा आवरणं, मग कानात हेडफोन. लॅपटॉपवर एका खिडकीत त्या दिवशी आलेली नवी गाणी, दुसरीत फँटसी प्रीमियर लीगची (इंग्लिश फुटबॉलवरच्या ऑनलाइन खेळाची) टीम. बायको याला 'तुझी शेजारती' म्हणते.

2015 च्या जुलैपर्यंत इंग्लंडात नवे अल्बम सोमवारी यायचे, अमेरिकेत मंगळवारी. मग जगभरच्या कंपन्यांनी मिळून शुक्रवार ठरवला. ठरवताना आम्हा फँटसीवाल्यांचा विचार कुणी केला नसणार, पण सोय आमचीच झाली. शनिवारची पहिली मॅच लागायच्या आत टीम लावायची आणि शुक्रवारी नवं काहीतरी ऐकायचं, ही दोन्ही कामं एका बैठकीत उरकतात.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: 100 मिलियन पौंड (खोटे) देतात. त्यात 15 खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. खऱ्या मॅचमध्ये ते जे करतील त्याचे पॉइंट्स आपल्याला, कॅप्टनचे दुप्पट. हक्कापेक्षा जास्त अदलाबदल केली की प्रत्येकी चार पॉइंट्स कापतात. असे 38 आठवडे. पैसे लावायचे नाहीत, त्यामुळे 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली तेव्हा आमचं काही बिघडलं नाही. आमच्या लीगमध्ये शेवटचा येणारा बाकीच्यांना मामलेदारची मिसळ खिलवतो, एवढाच काय तो आर्थिक व्यवहार.

आता माझा किस्सा. 8 सप्टेंबर 2017, शुक्रवार. 'द नॅशनल' या अमेरिकन बँडचा नवा अल्बम आला होता. मी लिव्हरपूलवाला. दुसऱ्या दिवशी मँचेस्टर सिटीशी मॅच. अल्बम ऐकत ऐकत मी आमच्या सादियो मानेला कॅप्टन केलं. नव्याने आलेल्या सालाहला नाही, कारण 'चेल्सीत चालला नाही तो इथे काय दिवे लावणार' असं माझं ठाम मत होतं. शनिवारी 37 व्या मिनिटाला मानेचा बूट सिटीचा कीपर एडरसनच्या तोंडावर बसला. रेड कार्ड. लिव्हरपूल 5-0 ने हरली. फँटसीत वजा दोन, आणि कॅप्टन म्हणून वजा चार! 9 मिलियनला मिळणारा सालाह त्या सीझनमध्ये 303 पॉइंट्स घेऊन गेला. मी त्याला नोव्हेंबरात घेतला, चार पॉइंट्स कापून घेऊन.

गंमत म्हणजे अल्बमही मी त्याच रात्री 'रटाळ आहे' म्हणून निकालात काढला होता. आज तो मी सगळ्यात जास्त ऐकतो. पण त्यातला पियानो सुरू झाला की अजून एडरसनचा पट्ट्या बांधलेला चेहरा दिसतो.

तर तुमचा असा शुक्रवार कोणता? गाणं, टीम, दोन्ही, काहीही चालेल. फुटबॉल कोणताही असो.

पुण्याहून, आर्सेनलवाला

माझा वैरी म्हणजे इंग्लंडचं घड्याळ. शनिवारच्या पहिल्या मॅचची डेडलाइन हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेचारला पडते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ पुढे करतात आणि ती गुपचूप साडेतीनवर येते. मी चार महिने सव्वाचारचा गजर लावून सुखात होतो. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी जेवून आडवा झालो, एक नवा अल्बम लावला, चारला उठून चहा टाकला, फोन उघडला तर टीमला कुलूप. कॅप्टन जायबंदी, बेंचवर दोघे सस्पेंड, वाइल्डकार्ड (पॉइंट्स न कापता हवी तितकी अदलाबदल करायची सवलत) तसंच पडलेलं. तो अल्बम कोणाचा होता हे सांगणार नाही, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही.

गाण्यांचं म्हणाल तर आम्हा आर्सेनलवाल्यांचं नशीब या बाबतीत बरं. लुई डनफर्ड नावाच्या उत्तर लंडनच्या पोराने स्वतःच्या मोहल्ल्यावर गाणं केलं, आणि 2022 पासून ते आमच्या एमिरेट्स स्टेडियमवर मॅचआधी लागतं. बाकी क्लबांची गाणी आजोबांच्या काळातली. लिव्हरपूलवाले गातात ते तर 1945 च्या एका ब्रॉडवे नाटकातलं! आमचं ताजं आहे. आम्ही सात-आठ जण कोथरूडला एका मित्राकडे जमतो आणि टीव्हीसमोर उभं राहून म्हणतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन विचारलं, "कुणाची जयंती आहे का?"

नागपूरहून

मी फुटबॉलची चाहती वगैरे नव्हते. 2019 मध्ये नवऱ्याच्या ऑफिसच्या लीगमध्ये एक जागा कमी पडत होती म्हणून माझं नाव घातलं. मी टीम किराण्याच्या यादीसारखी केली: आधी महाग वस्तू, मग उरलेल्या पैशांत जे बसेल ते. शेवटी चार मिलियनच उरले, म्हणून शेफिल्ड युनायटेडचा जॉन लुंडस्ट्रम घेतला. जाणकारांनी नंतर समजावलं की हा खेळतो मिडफिल्डला, पण फँटसीने त्याला बचावपटूत टाकलंय, म्हणजे गोल केला तर सहा आणि क्लीन शीटचे (समोरच्यांना एकही गोल करू दिला नाही तर) चार वेगळे. चुकून लागलेली लॉटरी.

पण ऐका. दिवाळी नुकतीच झाली होती. शुक्रवारी रात्री मी नवीन मराठी गाण्यांची यादी लावून फराळाचे रिकामे डबे घासत होते. नवरा म्हणाला, या आठवड्यात लुंडस्ट्रमला बसव, जरा मोठी नावं खेळव. मी बसवलं. शनिवारी त्याने बर्नलीविरुद्ध दोन गोल केले, वर क्लीन शीट. सगळे पॉइंट्स बेंचवर कुजले. नवऱ्याच्या टीममध्ये तो होता. खेळवलेला!

त्या यादीतलं एक गाणं मला खूप आवडलं होतं. महिनाभर लावलं नाही. सीझनअखेर मी नवऱ्याच्या 60 पॉइंट्स पुढे होते, तेव्हा स्वयंपाकघरात मोठ्याने लावलं.

कोल्हापूरहून

आमच्यात शनिवार-रविवारचा फुटबॉल टीव्हीवर नसतोय, शाहू स्टेडियमवर असतोय. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल. ह्यांच्या मॅचला जी गर्दी होते ती बघून पाहुणे येडे होतात. तर आम्ही पोरांनी ठरवलं, आपल्या लीगची फँटसी काढायची. ॲप बिप काही नाही, दोनशे पानी वही. नियम तेच, एका तालमीचे तीनच खेळाडू.

इथंच घोडं अडलं. प्रत्येकाला स्वतःच्या तालमीचे अकराच्या अकरा पाहिजेत. दुसऱ्या तालमीचा कीपर घे म्हटलं तर एकजण म्हणाला, "घरात कळलं तर जेवायला मिळायचं नाही." मी एकट्याने धीर करून समोरच्या तालमीचा स्ट्रायकर घेतला. त्यानं आमच्याच विरुद्ध गोल मारला आणि मी नकळत टाळी वाजवली. स्टँडात. आमच्याच पोरांच्यात बसून. पुढचं लिहीत नाही.

वही तीन आठवड्यांत बंद पडली. गाण्याचं एकच सांगतो. आता पोरं मॅचच्या रील करतात, त्यावर नवीन मराठी रॅप टाकतात, लई भारी असतात. पण स्टेडियमवर हलगी कडाडली की रॅप बिप सगळं विसरतंय माणूस.

न्यू जर्सीहून

आमच्याकडे फँटसी फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, धागाकर्त्याने परवानगी दिलीच आहे म्हणून लिहितो. बारा जणांची लीग, सगळे मंडळातले. ऑगस्टच्या शेवटी एकाच्या बेसमेंटमध्ये पावभाजी आणि ड्राफ्ट. इथे एक खेळाडू एकाच टीमला मिळतो. पहिल्या फेरीत शेवटचा नंबर असलेला दुसऱ्या फेरीत पहिला निवडतो, म्हणून त्याला स्नेक ड्राफ्ट म्हणतात. 2023 ला मी पहिल्याच फेरीत कॅन्सस सिटीच्या ट्रॅव्हिस केल्सीला उचललं. बाकीचे हसले. पहिल्याच आठवड्यात तो गुडघा दुखावून बाहेर बसला, तेव्हा आणखी हसले.

24 सप्टेंबर, रविवार. मंडळाच्या गणपतीहून दुपारी घरी आलो आणि कॅन्सस सिटीची मॅच लावली. माझी मुलगी तेव्हा चौदाची, फुटबॉल लागला की खोलीत जाणारी. त्या दिवशी गायिका टेलर स्विफ्ट स्टेडियममध्ये केल्सीच्या आईशेजारी बसली होती. मुलगी पैठणी न बदलताच सोफ्यावर येऊन बसली. "बाबा, हा 87 नंबरवाला आपल्याकडे आहे?" आहे म्हटल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं. सात कॅच, 69 यार्ड, एक टचडाऊन. आमच्या हिशेबाने 19.9 पॉइंट्स. तो दशांश तिला मी समजावून सांगितला: कॅचला एक, दहा यार्डांना एक, टचडाऊनला सहा. गणितात तिने इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

त्यानंतर आमचा करार झाला. ती माझ्याबरोबर मॅच बघते, मी तिच्याबरोबर नवे अल्बम ऐकतो. निम्मं डोक्यावरून जातं, पण शब्द बारकाईने ऐकायची सवय मला तिने लावली. माझ्या पिढीने इंग्रजी गाण्यांचे शब्द कधी ऐकलेत? आपण नुसती चाल गुणगुणायचो. 2025 च्या ऑगस्टमध्ये स्विफ्टने नव्या अल्बमची घोषणा केल्सी बंधूंच्या फुटबॉल पॉडकास्टवर केली, तेव्हा घरात कोण जास्त ओरडलं ते सांगायला नको. मग तिने विचारलं, यंदा त्याला कितव्या फेरीत घेणार? मी म्हटलं, सहाव्या-सातव्या, आता म्हातारा झाला तो.

"बाबा, तू पण झालायस. आम्ही ठेवलाय ना?"

पाचव्या फेरीत घेतला.

फोंड्याहून

मी फँटसी सोडली. कारण सांगतो.

आमच्या एफसी गोवात कोरोमिनास नावाचा स्ट्रायकर होता तेव्हा फँटसी म्हणजे काही डोकं लावायचं कामच नव्हतं. 2017-18 ला 18 गोल, पुढच्या सीझनला 16, दोन्हीदा गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचं बक्षीस) त्यालाच. कोरो कॅप्टन, विषय संपला. तो गेल्यावर मी हुशारी करायला लागलो. एकदा फातोर्ड्याला आमचीच मॅच, आणि माझ्या टीममध्ये समोरच्या संघाचे दोन डिफेंडर आणि कीपर. मी स्टँडात बसलोय, अंगावर केशरी जर्सी, मागे ढोल-ताशे चाललेत, आमचा विंगर गोलकडे धावतोय, आणि माझ्या मनात काय आलं? चार पॉइंट्स जातील. चार अधिक चार अधिक चार, बारा जातील! स्वतःचीच लाज वाटली. हाफ टाइमला ॲप काढून टाकलं.

22 ऑक्टोबर 2025 ला रोनाल्डोची टीम अल नासर फातोर्ड्याला आली. रोनाल्डो येणार म्हणून लोकांनी तिकिटं घेतली, तो आलाच नाही. आम्ही 2-1 ने हरलो. पण आमचा एक गोल ब्रायसन फर्नांडिसने मारला, आणि मी कसलाही हिशेब न करता बोंब मारली. घसा दोन दिवस बसला होता. परतताना गाडीत पुतण्याने नवीन कोंकणी गाणी लावली होती, शब्द येत नसलेलीसुद्धा सगळ्यांनी म्हटली.

नाशिकहून, वय वर्षे 43

नव्या संगीताशी माझी ओळख फुटबॉलच्या गेमनेच करून दिली. 'फिफा 98' सुरू झाला की ब्लर या बँडचं ते दोन मिनिटांचं गाणं धडकायचं. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून आम्ही अर्धा वेळ नुसतं तेच ऐकायचो. मॅच सुरूच करायची नाही. आता मुलाच्या गेममधून नाव काढलं 'फिफा'चं, गाणी मात्र अजून तिथूनच कळतात. फँटसी मला झेपत नाही.

धागाकर्ता

फोंडेकर, तुमचं पटलं, पण सोडवत नाही. 4 ऑक्टोबर 2020 ला ॲस्टन व्हिलाने आम्हाला 7-2 ने धुतलं तेव्हा माझ्याकडे व्हिलाचा वॉटकिन्स होता. हॅटट्रिक. एका डोळ्यात आसू म्हणतात तसं माझं खरोखर झालं होतं.

मँचेस्टरहून

मी युनायटेडवाला, बायको मूळची इचलकरंजीची आणि लग्नानंतर मुद्दाम सिटीवाली झालेली. हालंड 2022 ला सिटीत आला, पहिल्याच सीझनमध्ये 36 गोल. मी तत्त्व म्हणून त्याला कधी टीममध्ये घेतलं नाही. त्या तत्त्वाची किंमत म्हणजे माझी रँक.

2025 च्या जुलैमध्ये इथल्या हीटन पार्कला ओएसिस या बँडचा कार्यक्रम झाला. गाणी नवी नव्हेत, पण आम्ही दोघं पहिल्यांदाच प्रत्यक्ष ऐकत होतो, तेव्हा आमच्यासाठी नवीच. बँडमधले गॅलगर बंधू कट्टर सिटीवाले. मध्येच त्यातल्या लियामने फर्मान सोडलं, सगळ्यांनी स्टेजकडे पाठ करा, एकमेकांच्या खांद्यावर हात टाका आणि उड्या मारा. हा पोझनान, 2010 मध्ये सिटीच्या लोकांनी पोलंडच्या लेख पोझनान क्लबच्या चाहत्यांकडून उचललेला. युनायटेडवाल्याने हे करणं म्हणजे पंढरपूरला जाऊन मटण मागण्यासारखं. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. पाच सेकंद. मग गिटार वाजली, शेजारच्या अनोळखी दाढीवाल्याने माझ्या खांद्यावर हात टाकला, आणि मी पाठ करून जी उडी मारली ती गाणं संपेपर्यंत मारत राहिलो.

बायकोने व्हिडिओ काढलाय. हालंडला घेऊन कॅप्टन केला नाहीस तर आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकीन म्हणाली. पहिल्या आठवड्यापासून तोच कॅप्टन आहे.