ग्लानी, गुंगी की झापड? पत्रकासाठी शब्द हवा

सिस्टरताई, इंदूर: आमच्या सर्जिकल वॉर्डात मराठी पेशंट बरेच असतात. त्यांच्या घरच्यांसाठी एक पानी पत्रक करतेय. वाक्य लिहिलं, 'पेशंटला ग्लानी आली तर लगेच सिस्टरला बोलवा.' हिंदी पत्रक करणारी सहकारी म्हणाली, "ग्लानि? ऑपरेशन करवा के पछता रहे हैं क्या?" इथली मराठी मुलंही हिंदी शाळेतली, त्यांनाही तोच अर्थ आधी सुचणार. 'अस्वस्थ' आधीच काढलाय, कारण हिंदीत तो नुसता आजारी. काय लिहू?

रामबागवाला: गुंगी लिहा. ग्लानी तापात येते, गुंगी औषधाने. फारसीत गुंग म्हणजे मुका. गुंगीतला माणूस बोलत नाही, म्हणून गुंगी.

बडोदेकरीण: ही व्युत्पत्ती तुमच्या घरची दिसते. आमचे काका गुंगीत तासभर अखंड बोलत होते, तेही रखडलेल्या बढतीबद्दल.

सिस्टरताई: गुंगीची अडचण अशी की ती सगळ्यांना अपेक्षितच वाटते. 'इंजेक्शन दिलंय ना, मग झोपू दे.' तिथेच घात होतो. मॉर्फिनसारख्या औषधाने बहुधा आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो. ऑक्सिजन लावलेला असला तर बोटावरचं यंत्र खुशाल ९७ दाखवत राहतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत असतो. म्हणून आकडा बघून आम्ही पुढे सरकत नाही. नाडी बघितल्यासारखा हात धरायचा, नजर छातीवर ठेवायची आणि पुरा एक मिनिट श्वास मोजायचे. सांगून मोजले की माणूस वेगळा श्वास घेतो. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. आठ-नऊच भरले, आणि "आजी, नातवाचं नाव काय?" याला "अथ..." म्हणून डोळे मिटले, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन. मला शब्द हवाय तो या अवस्थेला.

ग्वाल्हेरची माहेरवाशीण: झापड! आमची आजी म्हणायची, डोळ्यांवर झापड आली.

रामबागवाला: आणि हिंदीत झापड म्हणजे थोबाडीत. 'पेशंटला झापड आली तर सिस्टरला बोलवा.' सिस्टर, पोलीसच येतील तुमच्याकडे.

शुद्धलेखक: हिंदी काय म्हणेल या भीतीने मराठी शब्द टाकायचे का? ग्लानी मूळ संस्कृत, थकणं-कोमेजणं हा अर्थ आपण जपला. पश्चात्ताप त्यांनी चिकटवला. नाहीतर 'तंद्रालुता' आहेच.

बडोदेकरीण: तंद्रालुता वाचून नातेवाईकही झोपतील. आणि तंद्री लागते ती गाण्यात.

फिजिओ_राजवाडा: शब्द हवाच कशाला? बेशुद्धी मोजायची ग्लासगो पद्धत १९७४ सालची, तिचे गुण ३ ते १५. त्यातही 'गुंगी' वगैरे नाही. डोळे आपणहून उघडतो, हाकेने, की दुखवल्यावर, बोलतो कसा, हालचाल कशी करतो, एवढंच बघायचं. तसंच लिहा: 'हाक मारल्यावर जागे होतात पण बोलता बोलता पुन्हा झोपतात.'

सिस्टरताई: हे पटतंय. त्यात 'काल नीट बोलत होते, आज काहीतरी भलतंच बोलताहेत' हेही घालते. नवा गोंधळ हे इन्फेक्शनचं, साखर उतरल्याचं पहिलं लक्षण असू शकतं. ते घरच्यांना आमच्या आधी कळतं, कारण पेशंट एरवी कसा बोलतो हे त्यांनाच ठाऊक.

शुद्धलेखक: म्हणजे एका शब्दाऐवजी पाच ओळी. उद्या तापाचंही वर्णन करा.

ग्वाल्हेरची माहेरवाशीण: तापाला थर्मामीटर आहे, हो.

रामबागवाला: 'भूलतज्ज्ञ' पाटी वाचून माझा हिंदी जावई अजून हसतो. "गलती के स्पेशलिस्ट?"

बडोदेकरीण: गुजरातीतही भूल म्हणजे चूकच! मी सरळ ॲनेस्थेशियावाले म्हणते.

शुद्धलेखक: बधिरीकरणतज्ज्ञ म्हणावं.

रामबागवाला: हिंदीत बधिर म्हणजे बहिरा. लोक कान दाखवायला येतील.

शुद्धलेखक: मग संज्ञाहरण.

बडोदेकरीण: हरण ऐकलं की आमच्या सासूबाई पुष्पक विमान शोधतात. त्यापेक्षा भूल बरी. 'भूल पडणे' आणि 'भूल देणे' एकाच मुळाचे ना?

शुद्धलेखक: अजिबात नाही. सवडीने लिहितो.

रामबागवाला: एकाच मुळाचे आहेत. मीही सवडीने लिहितो.